नाही लागलं तरी सांगतो

मंदाताईंचा फोन आला तेव्हा मी चिकलठाण्याच्या बाजारात मेथी निवडत होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. मंदाताई माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि हे म्हणजे उत्तमराव, माझे साडू. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा नर्सनं त्यांचं घड्याळ आणि मोबाइल एका पिशवीत घालून ती माझ्या हातात दिली, आणि तेवढ्यात तो मोबाइल वाजला. पिसादेवीहून कुणी तरी बोलत होतं. "कोरडे बोअरवालेच ना? आमच्या गल्लीत पाणी लागंल का?" सवयीनं मी सांगून टाकलं की तुमच्या मागच्या गल्लीत दोन घेतलेत, एकाला लागलं, एक कोरडा गेला, घाई करू नका. फोन ठेवल्यावर मंदाताईंनी डोळे पुसत विचारलं, "खरं सांगितलं ना?" या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींनी त्या नंबरवर कधी ना कधी फोन केला असेल, म्हणून हे लिहितो आहे.

उत्तमराव मूळचे पाचोडचे. बियाण्याच्या दुकानातली नोकरी सोडून त्यांनी बोअरची गाडी घेतली, तेव्हा सासुरवाडीत सगळ्यांनी सांगितलं की साडू-साडूंनी एका धंद्यात पडू नये. ते मला म्हणाले, "साडूभाऊ, भांडण झालं तर बायका मिटवतील. तुम्ही फक्त हिशोब बघा." मी एका कारखान्यात लेखा विभागात होतो, संध्याकाळी त्यांची बिलं करायचो आणि वेबसाइटही माझ्याच गळ्यात पडली. माणूस मोठा बोलका. पांढरा शर्ट, अत्तर, आणि हसले की चहाच्या टपरीवरचे लोक वळून बघत. दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शहर मात्र चहूबाजूंनी पसरत होतं. काल ज्वारी होती तिथं आज प्लॉटचे दगड. अशा काळात बोअरवाल्याला फुरसत नसावी, पण आमची गाडी उभी असायची. लोक मोबाइलवर शोधायचे, आणि वर दिसायचे ते दक्षिणेतून आलेल्या गाड्यांचे एजंट. आम्ही पाचव्या-सहाव्या पानावर, जिथं कुणी जात नाही.

त्यावर उपाय म्हणून एका तरुणाला आम्ही महिन्याच्या बोलीवर वेबसाइट वर आणायचं काम दिलं. 'औरंगाबाद बोअरवेल, स्वस्त बोअरवेल, उत्तम बोअरवेल' असं त्यानं पानभर इतक्या वेळा लिहिलं की उत्तमराव म्हणाले, "ह्यात माझंच नाव लई झालं." कुठल्या कुठल्या परक्या वेबसाइटवर, लग्नाच्या आणि दागिन्यांच्या, त्यानं आमच्या लिंका लावल्या. काही आठवडे आम्ही वर आलो. मग ती चलाखी पकडली गेली असावी, एका सोमवारी बघतो तर पहिल्यापेक्षाही खाली. त्या तरुणाचा फोन बंद.

तेव्हा आमचं ठरलं की मार्चपर्यंत काम वाढलं नाही तर गाडी विकायची. उत्तमरावांना पुन्हा दुकानात उभं राहावं लागणार होतं, आणि गाडीवरची चार माणसं घरी जाणार होती. हे ठरलं त्याच संध्याकाळी ते फोनवर कुणाशी तरी अर्धा तास बोलत होते. पलीकडच्याचा प्रश्न नेहमीचाच... आमच्याकडं पाणी लागेल का? उत्तमराव त्याला शेजारच्या गल्लीत काय झालं, दगड कसा निघाला, सगळं सांगत होते. फोन ठेवून म्हणाले, "साडूभाऊ, रोज हेच सांगतो. हेच का टाकत नाही आपण त्या वेबसाइटवर?" माझ्याकडं बिलांमुळं प्रत्येक बोअरची माहिती होतीच. मी विचारलं, "कोरडे गेलेले पण?"

"व्हय. लागलेलेच सांगितले तर आपल्यात आन् एजंटात फरक काय?"

मग आम्ही कामाला लागलो. जुन्या गिऱ्हाइकांना विचारून, नाव न घालता, वस्तीनिहाय लिहीत गेलो: खोली किती, दगड कोणता, पाणी लागलं की नाही. उत्तमराव बोअरमधून निघालेल्या मातीचे फोटो स्वतः काढायचे. वाक्यं त्यांच्या बोलण्यातली, आकडे माझे. फोटो हलके केले, कारण खेड्यातल्या साध्या मोबाइलवर पान लवकर उघडायला हवं. पत्ता आणि नंबर जिथं जिथं होता तिथं तिथं सारखा केला. 'मराठवाड्यात एक नंबर' ही ओळ मी काढली. मोजलं कुणी होतं? टपरीवर एजंट लोक आम्हाला 'कोरडे बोअरवाले' म्हणून चिडवायला लागले. "काय कोरडे, आज किती फेल?" उत्तमराव म्हणायचे, "एक. तुमचे किती, ते कुठं बघायचं?"

चारेक महिने काहीच हललं नाही. आणि त्यातच एक प्लॉटिंगवाले शेठ ऑफिसात आले. त्यांच्या ले-आउटजवळचे आमचे तीन बोअर कोरडे गेले होते आणि ते पानावर होते. शेठ शांतपणे बोलले. नव्या ले-आउटचे सगळे बोअर तुम्हाला देतो, फक्त ते पान काढा. "गिऱ्हाईक मोबाइल दाखवतं मला. प्लॉट पडून राहिलेत."

"पान काढलं तर पाणी लागंल का शेठ?" उत्तमरावांनी विचारलं.

"तुम्हाला गाडी चालवायची का नाय?"

"उद्या सांगतो."

रात्री त्यांच्या घरी मी आकडे मांडून दाखवले. ते काम घेतलं तर पावसाळ्यापर्यंत गाडी थांबणार नव्हती. नाही घेतलं तर मार्च समोर होता. मंदाताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "प्लॉट घेऊन कोरड्यात पडलेली एखादी बाई मला हळदीकुंकवाला भेटली, तर तिला काय सांगू?" दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी शेठना फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मार्चच्या आधीच फोन सुरू झाले. मी दर सोमवारी बघायचो की लोक काय टाइप करून आमच्याकडं येतात. 'सातारा परिसर बोअर किती फुटावर पाणी', 'पडेगावात बोअर फेल का जातो'. हे प्रश्न दुसऱ्या कुणी लिहिलेच नव्हते, मग उत्तरं कुठून असणार? भूगोलाच्या एका प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजच्या वेबसाइटवर आमच्या पानाची लिंक दिली, दोन-तीन सोसायट्यांनीही आपल्या वेबसाइटवर दिली. आम्ही कुणाला विनंती केली नव्हती. ज्यांना 'घेऊ नका' सांगितलं होतं, त्यांनीच सर्वांत चांगले अभिप्राय लिहिले. याच एका कारणानं आम्ही वर आलो असं मी छातीठोक सांगणार नाही, मोबाइलवर शोधून देणारं ते यंत्र काय काय मोजतं ते मला माहीत नाही. पण उन्हाळा लागला तेव्हा एजंटांच्या वर आम्ही होतो, आणि त्या जागेसाठी कुणाला एक रुपया दिला नव्हता. गंमत म्हणजे लोक 'कोरडे बोअरवाले' असंच शोधू लागले. उत्तमरावांनी ते गाडीच्या मागं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, आणि खाली: 'लागलं तरी सांगतो, नाही लागलं तरी सांगतो.' गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढं दुसरी घेतली.

दोन वर्षांनी त्याच शेठचा फोन आला. स्वतःचा बंगला बांधत होते. "उत्तमराव, खरं सांगा, लागंल का?" उत्तमराव जागा बघून आले आणि म्हणाले, "नाय लागणार. हौद मोठा बांधा." शेठना पटलं नाही; दुसऱ्याकडून बोअर मारून घेतला. कोरडा गेला. आठवड्यानं त्यांनी आपणहून मातीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: 'हा पण टाका.' उत्तमराव हसता हसता खुर्चीवरून उठले, सगळ्या ऑफिसाला फोटो दाखवून आले, चहा सांगितला, आणि मग माझ्याशेजारी बसून नोंद सांगितली. खोली, काळा दगड, पाणी नाही, माहिती मालकाच्या परवानगीनं. शेवटी म्हणाले, "आन् लिहा, बोअर आमचा नव्हे."

मी म्हटलं, "राहू द्या की. कोरडाच तर आहे."

"कोरडा असला म्हणून काय झालं साडूभाऊ, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर कशाला?"

परवा त्यांच्या मुलीनं सगळी पानं नव्यानं लावली. तिनं 'बोअर आमचा नव्हे' ही ओळ वाचून मला विचारलं, ही ठेवायची का... ठेवली आहे.