घासून गेलेली बोटं

आपल्या बोटांना ठसे नाहीत हे मला लग्न झाल्यावर कळलं. तेही मुंबईतल्या एका गारेगार ऑफिसात, यंत्राच्या काचेवर चार बोटं टेकवून उभी असताना.

"जरा दाबा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी दाबली. "इतकी नको." मी हात सैल सोडला. तिने काच पुसली, मग ओल्या कागदाने माझी बोटं पुसली, उजवा हात सोडून डावा घेतला, अंगठे घेतले. पडद्यावर रेघांच्या जागी नुसते करडे डाग उमटत होते. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही काम काय करता?"

"गणपती घासते," मी म्हणाले.

तिला वाटलं असेल, मी थट्टा करतेय.

आमचं गाव पेणजवळचं, हमरापूरच्या बाजूचं. तिथे घरटी कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि तिच्यात ओळीने बसलेले गणपती. साच्यातून मूर्ती निघते तेव्हा तिच्या अंगावर जोडाच्या रेषा असतात, खरखर असते. ती ओल्या पॉलिश पेपरने घासून काढायची. शाळेत होते तेव्हापासून ते काम माझ्याकडे. सोंडेच्या वळणात, कानामागे कागद नीट जात नाही, तिथे त्याचा तुकडा बोटाला गुंडाळून घासायचं. त्यात मूर्तीबरोबर बोटही घासलं जातं. बाबा मूर्ती डोळ्यांनी तपासत नसत. पोटावरून अंगठा फिरवायचे, आणि कुठे अडला तर काही न बोलता मूर्ती परत माझ्यापुढे सरकवायचे. सीझनमध्ये आमच्या घरात सगळ्यांचीच बोटं गुळगुळीत असत. त्यात काही बिघडलंय असं कधी कुणाला वाटलं नाही.

लग्नानंतरही सीझनपुरती मी माहेरी आले होते, आणि ठसे द्यायला गेले ती थेट कारखान्यातून, आषाढात, ऐन घासकामाच्या दिवसांत. आदल्या संध्याकाळपर्यंत घासत होते. सकाळी हातांना लिंबू चोळलं, नखं कापली, नवी साडी नेसले. एवढीच काय ती अक्कल चालवली.

नवरा रोह्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. तिथून तो कॅनडाला गेला. लग्नापुरता महिन्याच्या रजेवर आला. लग्न झालं, सत्यनारायण झाला, कुलदैवत झालं आणि रजा संपली. आमचा दोघांचा म्हणून जो काही संसार, तो त्या रजेतून पाहुणे वजा करून उरलेला. मग बायको म्हणून मला तिकडे कायमचं राहायला मिळावं यासाठी अर्ज केला. आम्ही खरंच नवरा-बायको आहोत याचा पुरावा तिथल्या सरकारला हवा होता. लग्नाचे फोटो ढिगाने होते, पण प्रत्येकात आमच्या मधे कुणीतरी काका. तरीही तो अर्ज पुढे सरकला आणि आता फक्त ठसे राहिले होते. ठशांसाठी आलेल्या पत्रात महिन्याची मुदत होती. तेवढ्यात ठसे गेले नाहीत तर अर्ज बंद, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आणखी एखाद-दोन वर्षं तो तिकडे आणि मी इकडे, त्याच्या आईवडिलांच्या घरात.

काउंटरवरची मुलगी भली होती. तिने मुदत संपण्याआधीची तारीख शोधून दिली. "कातडी परत येते. पण हाताला काम देऊ नका. पाणी नको, साबण नको, घासणं तर मुळीच नको," म्हणाली. सासरे बाहेर बाकावर फाईल पोटाशी धरून बसले होते. मी सांगितल्यावर ते बराच वेळ स्वतःचीच बोटं बघत राहिले.

परतताना पेणला उतरून मी घरी गेले. बाबांनी ऐकून घेतलं. मग माझा हात ओढून घेतला आणि माझ्या बोटांवरून अंगठा फिरवला, मूर्तीच्या पोटावरून फिरवतात तसाच.

"गुळगुळीत हाय," ते म्हणाले.

हे एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी लहानपणापासून धडपडत होते. ते असं ऐकायला मिळालं, तक्रार म्हणून.

"मी लांब बसेन. हात लावणार नाही कशाला," मी म्हणाले.

"तू? हात लावल्याशिवाय राहनार नाय तू. उद्या सासरी जा."

एकेका हाताची गरज असते अशा दिवसांत त्यांनी मला घालवून दिलं. माझ्या भल्यासाठी दिलं, हे कळत होतं. तरी मला राग आला आणि मी आईशीही धड न बोलता निघाले. गाडीतून नागोठणं गेलं, निडी गेलं. दोन्ही बाजूंना लावणी चालली होती. बाया वाकून चिखलात हात घालत होत्या आणि मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

सासर रोह्याला लागून वरशाला, नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. घरात सासू, सासरे आणि मी. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, पण त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "बस गो तू. पान्यात हात घालायचा नाय." पहिले काही दिवस त्यात माया होती. मग सवय झाली. मग भांडी जरा जास्तच वाजायला लागली. नव्या सुनेने सोफ्यावर बसून सासूच्या हातचा आयता चहा प्यायचा, यासारखी शिक्षा नाही. शेजारची बाई येता-जाता विचारायची, "काय गो, मेंदी सुकली नाय का अजून?" मी हसायचे. मनातून तिला दोन द्याव्यात असं वाटायचं.

सासूबाई रोज जेवणं झाली की वाटीत खोबरेल तेल गरम करून पुढ्यात ठेवायच्या. मी एकेक बोट त्यात बुडवायचे. त्या समोर बसून बघायच्या. आमच्यात बोलायला काही नसायचं. मला वाटायचं, त्यांनी विचारावं, तुला इथे कसं वाटतं. त्यांनाही माझ्याकडून काहीतरी ऐकायचं असेल. पण मला नुसतं बसून बोलता येत नाही. कारखान्यात आम्ही दिवसभर बोलायचो, पण हात चालू असताना. हात थांबले आणि माझी जीभही थांबली. मला इतकं एकटं त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

माहेरी फोन करावा तर कुणी उचलायचं नाही. सगळ्यांचे हात ओले. संध्याकाळी आई फोन करायची, पण मागून मूर्ती वाळवायला लावलेल्या पंख्यांचा आवाज, कुणीतरी तिला हाक मारत असायचं. "ठेवते गो," म्हणायची. ओढणीखाली नेऊन मी बोटं एकमेकांवर घासायचे. सवय म्हणून. मग आठवण व्हायची आणि दचकून हात सोडवायचे.

नवऱ्याचा फोन रोज यायचा. त्याची सकाळ, आमची संध्याकाळ. आधी तो विचारायचा, जेवलीस का, काय केलंस. आता फोन उचलल्या उचलल्या, "बोटं दाखव." मी कॅमेऱ्यासमोर हात धरायचे. तो एकेक बोट निरखायचा. माझ्याकडच्या पडद्यावर त्याचा चेहरा असायचा, त्याच्याकडच्या पडद्यावर माझा नसायचाच, नुसती बोटं. "अंगठ्याकडे लक्ष दे," म्हणायचा. जणू मी अंगठा कुंडीत लावला होता. तोही घाबरलेला होता. एकट्याने राहून, एकट्यापुरता भात लावून कंटाळला होता. हे मला माहीत होतं. पण लग्नाच्या बायकोला बघायची त्याला आठवण राहू नये, याचं वाईट वाटायचं ते वाटायचंच. एकदा चिडून मी पायाची बोटं कॅमेऱ्यासमोर धरली. नेट अडखळत होतं. तो डोळे बारीक करून म्हणाला, "हं, सुधारतंय."

मी हसले, आणि फोन ठेवल्यावर रडले.

मग एका दुपारी ओढणीचा धागा बोटाला अडकला. आधी लक्षात आलं नाही. खिडकीशी जाऊन बघितलं तर करंगळीवर रेघा होत्या. अगदी पुसट, पण होत्या. मी सासूबाईंना हाक मारली. त्या पिठाचे हात घेऊन आल्या, चष्मा मागितला, मीच तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला. "आल्या गो," म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. केसांना पीठ लागलं. त्या घरात मला कुणी असं जवळ घेतल्याचं तेवढंच आठवतं.

दुसऱ्या खेपेला यंत्राने दहाही बोटं घेतली. उजव्या अंगठ्यासाठी तीनदा दाबायला लावलं, पण घेतला. ती मुलगी नव्हती, दुसराच कुणी होता, त्याने मान वर करून बघितलंही नाही. सासऱ्यांनी बाहेर आल्यावर मला वडापाव खिलवला.

मी पुन्हा पेणला उतरले. घासकाम संपलं होतं. रंग लागले होते आणि बाबा डोळ्यांची आखणी करत होते. आखणी चालू असताना त्यांच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मी उभी राहिले. मूर्ती बाजूला ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं. आता बसू का कामाला?"

"नाय. व्हिसा हातात येईपर्यंत नाय. परत बोलावलं तर?"

मग मी आईजवळ बसले आणि उगाच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी गेले की तुम्ही दोघांनी यायचं तिकडे. सहा महिने राहायचं."

आई हसली. बाबांनी ब्रश धुतला आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे उघडून धरले. "ह्यांचे ठसे कुठं उठायचे? रेशनच्या मशीनवर पन माझा अंगठा लागत नाय."

"मग महिनाभर हात थांबवा. माझे आले, तुमचेही येतील."

शेडमधले सगळे हसले. बाबाही हसले. "महिनाभर हात थांबवून करू काय गो?" म्हणाले आणि पुढची मूर्ती ओढली. काय करायचं ते त्या शेडमध्ये एकट्या मलाच माहीत होतं. पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतर व्हिसा आला. थंडीत मी गेले. नवरा विमानतळावर जाड जाकीट घेऊन उभा होता. आमचं चांगलं चाललंय. संसार सुरू व्हायला वेळ लागला, पण झाला. मी एका बेकरीत काम करते आणि तिथे हातमोजे घालावे लागतात.

दरवर्षी मी बाबांना यायला सांगायचे. सीझन संपू दे, असं ते म्हणायचे. सीझन संपला की विसर्जन, विसर्जन झालं की नव्या साच्यांचं काम. मी भांडायचे, फोन आपटायचे, चार दिवसांनी पुन्हा लावायचे.

यंदा होळीनंतर बाबांची उजवी बाजू गेली. मी लगेच गेले, होती तेवढी सगळी रजा काढून राहिले आणि परत आले. ते खाटेवर आहेत. बोलतात थोडं, आईला कळतं. कारखाना आता माझा भाऊ बघतो.

परवा आईचा फोन आला. मागून कसलाच आवाज नव्हता. ती त्यांचे हात पुसत होती म्हणे, ओल्या फडक्याने.

"त्यांच्या बोटांवर रेघा आल्यात गो," ती म्हणाली. "दहाही बोटांवर. चांगल्या दिसतात. आता मिळंल ना त्यांना व्हिसा?"

मी हो म्हणाले.