सिद्धूचा लिंब

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या वैरागच्या बागेत रोज संध्याकाळी बसतो, चार माणसं जमतात, सगळ्या विषयांवर बोलणं होतं – एवढं एक सोडून. आज तुम्हांला सांगतो.

आधी बाग सांगतो, कारण तिचा मला अभिमान आहे. सत्याग्रहात तुरुंगात गेलेले आमच्या गावचे स्वयंसेवक सरकारशी झालेल्या करारानंतर सुटून आले. त्यांची आठवण गावात राहावी, असं आम्हांला वाटलं. पण नावांची पाटी लावली असती तर मामलेदारानं दुसऱ्याच दिवशी उतरवायला लावली असती. म्हणून कागदोपत्री नुसती 'सार्वजनिक बाग' – आणि आत माणसागणिक एक झाड. नाव कुठंच नाही. कुणाचं झाड कुठलं, ते गावाच्या तोंडी. कल्पना माझी. गावातला पहिला बी. ए. मी, हमालाचा पोरगा. हे सांगताना अजूनही बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

सिद्धू मात्र सुटून आला नाही. धनगराचा पोरगा, चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसलेला. तुरुंगातच तापानं गेला. त्यानं मेंढरं कोंडायच्या वाडग्यापाशी एक कडुलिंबाचं रोप लावलं होतं. त्याची आई, भागूमावशी, ते मुळाच्या मातीसकट काढून, ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आली. त्याच्या हातचं तिच्याकडं तेवढंच उरलं होतं.

झाडं लावायचे ते दिवस नव्हते, उन्हाळा तोंडावर होता. पण लोकांना धीर कुठला? ज्याचं झाड त्याच्या घरानं पाणी घालायचं, असं ठरलं. मावशीला तर दिरांबरोबर मेंढरं घेऊन नदीकाठाला जायचं होतं. मला म्हणाली, "दत्तू, माज्या लेकराला तेवढं पाणी घाल की. पावसाला येतेच मी."

मी म्हणालो, "मावशी, तू निर्धास्त जा."

विहीर पेठेच्या एका टोकाला, बाग दुसऱ्या. घागर खांद्यावर घेऊन सबंध पेठेतून जायचं. दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी कापडाच्या दुकानातून आवाज आला – "काय बी. ए. सायेब, बाप पोती वाहतो, तुमी पाणी. मग पुण्याला कशाला गेलता?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि पुन्हा – पुन्हा गेलो नाही.

एवढंच. कुणी अडवलं नव्हतं. मागच्या बोळानं जाता आलं असतं, दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. पण सांगितलं तर 'का' म्हणून विचारणार ना? माझे वडील त्याच पेठेतून रोज पोती वाहत होते. त्यांना कधी लाज वाटली नाही. मला ती कुठून आली?

रोपाची काडी झाली. पाऊस पडायच्या आधी मी बार्शीच्या रस्त्याकडेचं तेवढ्याच उंचीचं एक लिंबाचं रोप उपटून आणलं आणि त्याच आळ्यात लावलं. जुनं? ते कुंपणापलीकडं टाकलं. त्या उन्हात बागेतल्या सगळ्याच रोपांनी माना टाकल्या होत्या. कुणाला संशय आला नाही.

मावशी आली. रोपाजवळ बसून पानांवरून हात फिरवत राहिली. मग पेठेत दुकानादुकानापुढं उभी राहून सांगत सुटली – "दत्तू एवडा शिकला, पर माज्या लेकरासाटी खांद्यावर घागर वाहिली त्यानं." टोमण्यामुळं मी बोळानं जात असेन, अशी कापडवाल्याची समजूत झाली असावी. त्यानं मला गादीवर बसवून माफी मागितली.

तीही मी घेतली.

आता तो लिंब दुकानाच्या माडीएवढा झालाय. संध्याकाळी वारा सुटला की बागेत त्याच्याइतकी गार जागा नाही. मी तिथंच बसतो, आणि खरं सांगू? – सुखानं बसतो. यंदाही पावसाला मावशी आली. बुंध्याला पाठ टेकून बराच वेळ वर बघत होती.

"लेकरू बापावानीच उंच झालंय की रं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "व्हय, मावशी."