थोल्बींच्या सुना

अ‍ॅग्नेस विहीणबाई,

रस्ता तुम्ही सांगितलात खरा, पण अर्धाच. आधी लिमरिकची बस, मग दुसरी बस, मग लाल पेट्रोलपंपाचं दुकान, आणि पुढे म्हणे ‘दिसलं की सांगेन’. आता कोण सांगणार? दर शनिवारी एडमंड मला गाडीत घालून हिंडवतोय. लाल पंप कुठेच उरलेले नाहीत, सगळे हिरवे नाहीतर पिवळे झाले. तुम्ही गेलात, छान गेलात, झोपेत, नव्वदीला टेकून. पण जाण्याआधी एका गावाचं नाव तेवढं आठवायला काय झालं होतं?

एवढं लिहून माधवीबाईंनी कागद फाडला. कबरस्तानात पोस्टमन जात नाही, आणि उत्तर येणार नसेल तर पत्र लिहायचं कशाला, हा त्यांचा स्वभाव.

अ‍ॅग्नेस थोल्बी ही कुणी मोठी बाई नव्हती. आयर्लंडातल्या एनिस गावच्या बाजारात, कापडाच्या दुकानात तिने उभी हयात पडदे बेतले. कुठल्याही घरात शिरली की आधी खिडक्या बघायची आणि ‘हे माझे’ किंवा ‘हे माझे नव्हेत’ असं मनात म्हणून घ्यायची. मूलबाळ नाही. नवरा वॉल्टर लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. ती मात्र एकटीच त्याच घरात राहिली, त्याच्या आडनावासकट.

माधवीबाई साताऱ्याच्या कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर लेक रेवा त्यांना एनिसला घेऊन आली. रेवा शॅननच्या एका कारखान्यात इंजिनिअर, हृदयाच्या नसांत बसवायच्या जाळ्या तिथे बनतात. जावई एडमंड थोल्बी शाळेत सुतारकाम शिकवतो. अ‍ॅग्नेस त्याची चुलती, म्हणजे माधवीबाईंची विहीण. तो शब्द त्यांनी अ‍ॅग्नेसला पहिल्याच चहाला शिकवला आणि अ‍ॅग्नेसला तो इतका आवडला की ती खाटकाकडेसुद्धा सांगायची, ही माझी ‘वीन’.

आल्या आल्या माधवीबाईंनी जावयाला आपल्याकडचा ठरलेला प्रश्न टाकला. “तुम्ही मूळचे कुठले?”

“ल्यूकनचा, आई.” एडमंड त्यांना आईच म्हणतो, फक्त ‘आ’ जरा लांबवून.

“ते तुझ्या आईने तुला नेऊन वाढवलं म्हणून. त्याआधी?”

“एनिस.”

“त्याआधी?”

“इंग्लंडातून आलं असेल कुणीतरी. मला काय ठाऊक?”

“आडनाव आहे आणि गाव नाही, असं कसं चालेल? माणूस आहेस की पार्सल?”

रेवा हसत सुटली. “आई, त्याला कुलदैवत शोधून देणार आहेस का?”

“आधी गाव तर सापडू दे.”

गाव महिन्याभरात सापडलं. भूगोलाच्या बाईला जुना नकाशा हवाच असतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर थोल्बी नावाची वस्ती होती. शेवटचं ‘बी’ म्हणजे आपलं खेड किंवा वाडी, तसं. थोल नावाच्या कुणा दर्यावर्दीची वाडी. किनारा भुसभुशीत मातीचा. दर हिवाळ्यात समुद्र एकेक शेत खात आला, मग घरं, शेवटी चर्च. आता त्या जागी पाणी आहे. ज्या घराने वेळेवर गाव सोडलं त्याला पुढच्या गावाने ‘थोल्बी’ म्हणायला सुरुवात केली. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतो? कराडचा माणूस कराड सोडल्यावरच कराडकर होतो.

म्हणजे जगातले सगळे थोल्बी त्या एकाच घरातले. माधवीबाईंना हे फार आवडलं. आता ते घर आज कुठे कुठे पसरलंय ते बघायचं, म्हणून त्यांनी इंटरनेटवरून नंबर काढले आणि फोन सुरू केले. इंग्लंडात मोजके, कॅनडात एक घर, न्यूझीलंडात एक, आणि आयर्लंडात हे दोन. संपले. एवढं दुर्मीळ आडनाव त्यांनी ऐकलंच नव्हतं.

पण दोनचार फोन झाल्यावर त्यांना काहीतरी बोचायला लागलं. प्रत्येक ठिकाणी फोन बाईच उचलायची.

“मी मिसेस थोल्बी.”

“यजमान आहेत का?”

“ते गेले हो. बरीच वर्षं झाली.”

एकीचा नवरा शिडीवरून पडला. एकीचा पोहायला उतरला तो वर आलाच नाही. एकीचा सरळ रस्त्यावर, भर दुपारी, गाडीसकट कुंपणात गेला. न्यूझीलंडवाली म्हणाली, मॅच बघत बसला होता, गोल झाला म्हणून मी त्याला हलवलं. सगळे चाळिशीच्या आगेमागे. प्रत्येकाला काहीतरी निमित्त होतं, त्यामुळे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

“आई, तू जगभर फोन करून विधवा गोळा करतेयस,” रेवा म्हणाली. “काही बरं दिसतं का ते?”

माधवीबाई हसल्या नाहीत. कोट चढवून सरळ अ‍ॅग्नेसकडे गेल्या.

“अ‍ॅग्नेसबाई, थोल्बी पुरुष आहेत कुठे?”

अ‍ॅग्नेस चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही. “पुरुष? ते टिकत नाहीत गं. माझा वॉल्टर नदीत गेला, मासे धरताना. पाणी गुडघाभर होतं. एडमंडचा बाप एका लग्नात गेला, हसता हसता. सासूबाई मला बोहल्यावरच म्हणाल्या होत्या, की पडदे चांगले शिवतेस ना, हातची कला सोडू नकोस.” तिने साखर पुढे केली. “हे आडनाव आम्ही सुनांनी धरून ठेवलंय. आता तुझी लेक आहे.”

माधवीबाईंनी चहा तसाच ठेवला. लेकीच्या लग्नात आपण काय काय बघितलं होतं ते त्यांना आठवलं. मुलाचा पगार, मुलाचे दात, मुलगा किती पितो. आडनाव ऐकून फक्त ‘उच्चाराला बरंय’ एवढंच म्हटलं होतं.

शुभ-अशुभाचा विचार करत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी जावयासमोर सगळं मांडलं, शिडी, नदी, कुंपण, मॅच.

“डॉक्टरकडे जायचं. आजच.”

“आई, आय’म ग्रँड.” ठणठणीत असलं की इकडे ग्रँड म्हणतात.

“तुझा बापही ग्रँडच होता.”

रेवा ओट्याला टेकून उभी होती, तिच्या हातातला टोस्ट पडला. हृदयाच्या नसांच्या जाळ्या रोज हाताळणाऱ्या पोरीने नवऱ्याच्या छातीला कधी कान लावला नव्हता.

तपासणीत निघालं ते निघालंच. हृदय धडधाकट, पण त्याची ठेका धरायची रीत बिघडलेली. पिढ्यानपिढ्या उतरत आलेलं दुखणं. कधी अचानक ताल चुकतो आणि माणूस जागेवर संपतो. एडमंडच्या गळपट्टीच्या हाडाखाली डॉक्टरांनी एक छोटं यंत्र बसवलं, ठेका सुटला तर धक्का देणारं. निघताना त्यांनी सांगितलं, मुलीलाही आणा.

मुलगी म्हणजे निधी. सोळा वर्षांची, बापासारखी उंच. ती कामोगी खेळायची. काठीने चेंडू हाणत मैदानभर पळायचा हा इकडच्या मुलींचा खेळ, आणि निधी संघात सगळ्यांत वेगाने पळणारी. तपासणीच्या तारखा आल्या की त्या नेमक्या मॅचच्या दिवशी यायच्या, नाहीतर परीक्षेच्या.

रेवाचा चेहरा त्या दिवसांत कागदासारखा झालेला. नवरा आताच मरणाच्या दारातून आणलेला, लगेच लेकीचं नाव तिला ऐकवत नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. आणि माधवीबाईंनी निकाल दिला, कारण आकडे त्यांच्याकडे होते.

“हे दुखणं पुरुषांना धरतं. थोल्बी बायका बघ एकेक. इंग्लंडातली ती लिंकनची ब्याण्णव वर्षांची, ती कॅनडातली अजून गाडी चालवते, आपली अ‍ॅग्नेस. मी बोलले आहे सगळ्यांशी. करायची तपासणी, पण परीक्षा होऊन जाऊ दे.”

“आज्जी, यू आर अ लेजंड,” असं म्हणून निधी काठी घेऊन पळाली. रेवाने खूप दिवसांनी नीट श्वास घेतला.

त्याच सुमाराला अ‍ॅग्नेसने आपलं एक काम काढलं. स्वयंपाकघरातल्या कपाटातून, म्हणजे इकडे ज्याला प्रेस म्हणतात त्यातून, तिने कागदी पिशवी काढली. आत डॅफोडिलच्या फुलझाडांचे कांदे.

“माधवी, मला लूसीकडे ने. हे लावायचेत तिच्या थडग्यावर.”

“लूसी कोण?”

“वॉल्टरची धाकटी बहीण. माझी…”

“नणंद.”

“ननंद.” अ‍ॅग्नेसने शब्द तोंडात घोळवला. “तिने मर्फीशी लग्न केलं. मर्फी कॅथलिक आणि आमचे सासरे चर्च ऑफ आयर्लंडचे, कट्टर प्रोटेस्टंट. त्यांनी दार लावलं. घरात तिचं नाव काढायचं नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं, म्हणून एडमंडला काही माहीत नाही. तू त्याला सांगू नकोस. वॉल्टर गेल्यावर मी एकटीच बसने जायचे. आता पाय चालत नाहीत.”

“परजातीत लग्न. समजलं. आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. गाव कुठलं?”

“नाव नाही आठवत. पण बसमधून ओळखेन. लाल पंपाचं दुकान लागतं, तिथून पुढे दिसलं की सांगेन. बिचारी लूसी, ती फार…”

“मर्फी झाली ना ती? मग थोल्बींच्या हिशोबातून गेली,” माधवीबाई म्हणाल्या. त्यांना न्यूझीलंडला फोन करायचा होता आणि तिकडची वेळ टळत होती. “नेईन मी तुम्हाला. थंडी सरू दे, माझे गुडघे तरी कुठे धड आहेत?”

थंडीआधी अ‍ॅग्नेसने आणखी एकदा विचारलं, ख्रिसमसला पुन्हा. बूट पॉलिश करून दाराशी ठेवलेले असायचे. माधवीबाई म्हणायच्या, आज पाऊस आहे. आयर्लंडात पाऊस नसतो कधी?

फेब्रुवारीत अ‍ॅग्नेस झोपेतच गेली.

प्रार्थना झाल्यावर सगळे तिच्या घरी जमले, सँडविच आणि चहा घेऊन, इकडची रीत तशी. निधी चर्चमधूनच मैदानावर गेली होती, दुपारी मॅच होती. माधवीबाईंच्या शेजारी अ‍ॅग्नेसची दुकानातली मैत्रीण ब्रीडा बसलेली. बोलायला काही हवं म्हणून माधवीबाई म्हणाल्या, “एक राहून गेलं बघा. तिला नणंदेच्या थडग्यावर जायचं होतं.”

“लूसी?” ब्रीडाने कप बशीत ठेवला. “अरे देवा, लूसी थोल्बी. ती नाचता नाचता पडली, ठाऊक आहे ना? किल्कीच्या हॉलमध्ये. मी तिथेच होते. बँड चालू होता, आम्हाला वाटलं घसरली. तेवीसची असेल. अंगावर पिणारी पोर होती घरी.”

“लूसी मर्फी,” माधवीबाईंनी सवयीने दुरुस्त केलं.

“मर्फी लग्नानंतर. जन्माची थोल्बीच ना ती?”

माधवीबाई पन्नास वर्षं दीक्षित म्हणून सही करत आल्या आहेत, आणि दीक्षितांच्या रक्ताचा एक थेंब त्यांच्या अंगात नाही. त्या वाळिंब्यांच्या. हे त्यांना लग्नाच्या दिवसापासून माहीत. लिंकनची, कॅनडातली, न्यूझीलंडची, अ‍ॅग्नेस, सगळ्या बाहेरून आलेल्या. नव्वदी गाठली ती परक्या घरच्या लेकींनी. जन्माने थोल्बी असलेली एकही बाई त्यांना फोनवर भेटली नव्हती, कारण थोल्बींच्या लेकी दुसऱ्या आडनावाने जगल्या, दुसऱ्या आडनावाखाली पुरल्या गेल्या, आणि तिथे शोधायला कुणी गेलंच नव्हतं.

त्या उठल्या तेव्हा खुर्ची मागे पडली.

“एडमंड, गाडी काढ.”

“काय झालं आई?”

“निधी पळतेय.”

त्याने पुढे विचारलं नाही. त्याचा हात आपोआप छातीवरच्या त्या उंचवट्यावर गेला. रेवा बूट न घालताच गाडीत बसली.

मैदानावर ओला वारा होता. निधी कडेला वाकून उभी, हात गुडघ्यांवर, काठी गवतात पडलेली. प्रशिक्षक बाई पाण्याची बाटली धरून. “जस्ट डिझी,” निधी म्हणाली. “डोन्ट मेक अ शो ऑफ मी, डॅड.” एडमंडने सोळा वर्षांच्या पोरीला लहानपणी उचलायचा तसं उचललं आणि गाडीत आणलं. मॅच चालूच राहिली.

बापात निघालं तेच लेकीत निघालं. आता तिला गोळ्या आहेत, बापासारखंच यंत्र बसलंय. काठी तिने प्रेसमध्ये टाकून दार लावलं. आजीशी ती बोलते, पण जेवढ्यास तेवढं, आणि लेजंड म्हणत नाही. रेवाने आईला एकच वाक्य ऐकवलं, “तू बोललीस आणि मी मानलं,” आणि कामावर गेली.

राहिली ती लूसीची तान्ही पोर. आज पन्नाशी ओलांडून असेल, असली तर. तिलाही पोरं असतील, कुठेतरी पळत असतील, पोहत असतील, लग्नात नाचत असतील, आणि थोल्बी हे नाव त्यांनी ऐकलेलंही नसेल. ब्रीडाला गाव ठाऊक नाही. एडमंडला तर आत्या होती हेच आता कळलं. थडगं सापडलं तर दगडावर नवऱ्याचं नाव असेल, तिथे फुलं ठेवायला कोण येतं ते विचारता येईल. जगातले सगळे थोल्बी शोधायला माधवीबाईंना एक महिना पुरला होता. आयर्लंडात मर्फी किती, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

थोल्बी आडनाव आता एडमंडपाशी थांबणार. ते दुखणं थांबणार नाही. ते केव्हाच मर्फी झालंय, आणि मर्फींच्या लेकी सासरी जाऊन आणखी काय काय झाल्या असतील.

शनिवारी एडमंड पुन्हा गाडी काढतो. माधवीबाई पुढे बसतात, मांडीवर अ‍ॅग्नेसच्या प्रेसमधली कागदी पिशवी. आतल्या कांद्यांना आतच कोंब आलेत, पिवळट, उजेड न मिळालेले. लिमरिक मागे पडलं की एडमंड गाडी हळू करतो आणि विचारतो, “आता कुठे, आई?”