अबोला नव्हताच तो

अंबरपेठेत केबल आली म्हणून मी बायकोला न विचारता रंगीत टीव्ही घेऊन आलो. त्याच आठवड्यात तिने बोलणं सोडलं. अबोला मला रास्तच वाटला. आधी ती "घसा फार दुखतोय" म्हणाली होती, पण मी हळद-दूध सुचवून क्रिकेटकडे वळलो होतो.

रविवारी ती पुढे वाकून, तोंडाला रुमाल लावून बसली. रडतेय, असं समजून मी विरघळलो आणि स्वतःच्या हाताने चहा केला. तिने एक घोट घेतला, तो रुमालात परत आला.

"इतका काही वाईट नाही झालाय," मी म्हणालो.

टीव्ही बघायला आलेल्या शेजारच्या आपा मात्र तिच्याकडेच बघत होत्या. "भाईसाब, इनो रूठे नै, बीमार हैं! थूक बी नै निगलरे!"

मग मी रुमाल नीट पाहिला. लाळेने चिंब झाला होता. तिचं तोंड बोटभरही उघडेना, आणि शब्द निघत ते तोंडात गरम घास धरल्यासारखे. ऑटोत तिचा श्वास घरघरू लागला. मी ऑटोवाल्याला दवाखान्याकडे भरधाव पिटाळलं.

डॉक्टरांनी टॉन्सिलमागचा पू काढला. "लाळ गिळता येईना, तोंड उघडेना, म्हणजे घरी थांबायचं नसतं," ते म्हणाले. "श्वासच अडला असता."

बरं वाटल्यावर तिने पहिलं स्वच्छ वाक्य उच्चारलं, "आता मी खरा अबोला धरणार आहे."

मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.