वळणावरचा धूर

काकूंना वाफेच्या इंजिनाचा मनापासून कंटाळा होता, आणि तरीही लग्न झाल्यापासून हिवाळ्यातला जवळजवळ प्रत्येक रविवार त्यांनी त्याच इंजिनामागच्या डब्यात बसून काढला होता. नाद नवऱ्याचा. रोजच्या वाहतुकीतून ही इंजिनं केव्हाच हद्दपार झालेली. पण एका हौशी मंडळानं त्यांतली दोन-तीन जिवंत ठेवली होती, आणि थंडी पडली की ते मंडळ जुन्या मार्गावरून सहली काढायचं. थंडीतच का, तर गार हवेत वाफ दाट आणि पांढरीशुभ्र दिसते, फोटो चांगले येतात. म्हणजे माणसांनी गारठायचं ते इंजिन फोटोत छान दिसावं म्हणून. काकूंनी हे एकदा टोमणा म्हणून बोलून दाखवलं, तर नवरा खूश होऊन म्हणाला, "बरोबर! आता कळलं तुला."

सहलीतली मंडळी त्यांना थर्मासवाल्या काकू म्हणत. नवऱ्याचं नाव पडलं होतं फ्रेमकाका. त्याचं असं, की गाडी मध्येच एखाद्या उघड्या माळावर थांबवायची, कॅमेरेवाल्यांना खाली उतरवायचं, गाडी बरीच मागे न्यायची आणि मग ती पूर्ण जोरात त्यांच्यासमोरून पळवायची, हा सहलीतला मुख्य सोहळा. तिपाया रोवून सगळे एका ओळीत उभे राहायचे. त्या ओळीच्या पुढे कुणी बोटभर जरी सरकला, तरी काका गर्जायचे, "फ्रेम!" एका नवख्या जावयानं सासऱ्याला रुमाल द्यायला दोन पावलं टाकली होती, तर त्या बिचाऱ्याला घाम पुसायला तोच रुमाल लागला.

काकू स्वतः एका इस्पितळात एक्स-रे काढायच्या. श्वास घ्या, धरा, सोडा, हे दिवसभर म्हणून म्हणून त्यांचा घसा बसायचा. "आमच्या घरात दोघंही फोटो काढतात," त्या हसून सांगत, "पण माझ्या फोटोंत माणसं असतात." काकांच्या फोटोंत माणूस औषधालाही नसायचा. इंजिन चालवणारा खिडकीतून डोकावला, तर तो फोटो बाद. माणूस दिसला की इंजिन लहान वाटतं, असं त्यांचं म्हणणं. बैठकीच्या खोलीत चारी भिंतींवर इंजिनं होती. लग्नाचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या मागे गेला होता. मुलाचा शाळेतला फोटो फ्रिजवर चुंबकानं चिकटवलेला.

एकुलता एक मुलगा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून इंजिनं बघत वाढला, त्यामुळे त्याला ते वेड लागलं यात नवल नव्हतं. नवल हे, की त्याचं वेड वडिलांना खपलं नाही. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षी सोडून तो घरी बसला, मग पार्सलं पोचवली, मग एका दुकानात मोबाइल विकले, आणि एक दिवस कुणाला न विचारता मंडळाच्या इंजिनशेडमध्ये जाऊन चिंध्या आणि तेल घेऊन इंजिन पुसायला लागला.

"इंजिनियर हो म्हटलं, तर हा इंजिन पुसायला गेला," काका म्हणाले.

"अहो, पण तुमचंच इंजिन ना ते?"

"मी फोटो काढतो. मी पुसत नाही."

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं जवळजवळ संपलं. एकाच पातेल्यातलं वाढून घ्यायचे, पण मीठ मागायचं असलं तरी काकूंच्या मार्फत. मधल्या मध्ये काकूंचा पोस्टमन झाला. मुलगा शेडजवळच्या खोलीत राहायला गेला, तेव्हा तर तेवढंही उरलं नाही. काकांचं सगळं चाललं होतं ठीक. काकूंना मात्र एकच घोर लागलेला, की या मुलाचं पुढे होणार काय. वय वाढत होतं. बरोबरीच्या पोरांची लग्नं झाली, कुणाची घरं झाली. आणि हा हातांना काळं लावून "आई, आज बॉयलर धुतला" म्हणून फोनवर सांगतोय. पण त्याच्या आवाजात जे काही असायचं, ते गेल्या कित्येक वर्षांत काकूंनी ऐकलं नव्हतं. म्हणून त्या गप्प बसायच्या.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. मंडळात फायरमनची, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्याची, एक कायम जागा निघाली होती. पगार, निवृत्तिवेतन, सगळं. त्याची परीक्षा येत्या सहलीच्या गाडीवरच होती. परीक्षक दिवसभर इंजिनावर मागे उभा राहणार, काही बोलणार नाही, फक्त बघणार.

"आई, बाबांना सांगू नको."

"का रे? त्यांना बरं वाटेल."

"बरं वाटेल! आणि नापास झालो तर? मग पुढची दहा वर्षं ऐकायचं. पास झालो की मीच सांगतो."

"काय करायचं असतं परीक्षेत?"

"भट्टी नीट ठेवायची. कोळसा थोडाथोडा, सारखा पसरून टाकायचा. धुराड्यातून काळा धूर निघाला म्हणजे कोळसा अर्धवट जळतोय, फायरमन कच्चा. बाकी काही नाही गं. फक्त काळं निघता कामा नये."

काकूंनी हे मनात गाठ मारून ठेवलं.

सहलीच्या सकाळी गवतावर पांढरं दहिवर पडलेलं. फलाटावर मंडळी हात चोळत, एकमेकांच्या नव्या लेन्सांची मापं काढत उभी होती. काकूंनी इंजिनाकडे एक फेरी मारली. वर केबिनमध्ये इंजिन चालवणारे मामा (त्यांना सगळेच मामा म्हणत), त्यांच्यामागे कानटोपी घातलेला परीक्षक, आणि फावडं घेतलेला त्यांचा मुलगा. त्यानं वरूनच डोळ्यांनी ओळख दिली. काकूंनी थर्मास उंचावला. परीक्षक म्हणाला, "नको, धन्यवाद." मुलगा हसला.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत गेलं. काकू खिडकीशी बसून सारख्या धुराड्याकडे बघत होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "काकू, आज तुम्हाला पण नाद लागला का?" धुराड्यातून पांढरी वाफ तेवढी निघत होती. काळं काही नाही. काकूंना वाटलं, झालं, आता घाटाच्या चढापुरतंच राहिलं.

घाटाच्या अलीकडे एक मोठं वळण होतं. तिथं गाडी थांबली, कॅमेरेवाले उतरले, तिपाया रोवल्या गेल्या. पण तोवर आभाळ भरून आलं होतं. ऊन गेलं, डोंगरामागे सगळं धुवट पांढरं झालं. गाडी मागे गेली आणि धडधडत समोरून गेली. पांढरं आभाळ, त्यात पांढरी वाफ. कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर इंजिन दिसत होतं आणि वर काहीच नव्हतं.

"हे काय, चूल विझलीय का?" कुणीतरी ओरडलं.

"एवढे पैसे भरून किटली बघायला आलो!"

"धूर पाहिजे, काळा धूर! त्याशिवाय या आभाळात उठणार नाही."

सगळे काकांकडे बघायला लागले. फ्रेमकाका ओळीतले सगळ्यात जुने. मामांशी बोलायचं तर त्यांनीच. काका तिपाईवरचा कॅमेरा शेजाऱ्यावर सोपवून इंजिनाकडे चालू लागले. काकू डब्याच्या दारातून बघत होत्या. काका केबिनखाली उभे राहिले. मामांशी नाही बोलले. मुलाकडे मान वर करून काहीतरी बोलले. आणि मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते काकूंना त्या अंतरावरूनही दिसलं.

काय बोलले ते मुलानं नंतर सांगितलं. "सोन्या," काका म्हणाले होते, घरात लहानपणी म्हणायचे तसं. "वळणावर जरा काळा धूर दे रे. एवढं कर माझ्यासाठी." मामांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "भट्टी तुझी. तूच ठरव." परीक्षक नियमाप्रमाणे गप्प.

काकूंना ऐकू गेलं नव्हतं, पण काय मागितलं ते कळलं. काका परत ओळीत येऊन उभे राहिले होते आणि गाडी मागे जायला लागली होती. आता वचनाचं काय घेऊन बसायचं, सांगायलाच पाहिजे. काकू अजून डब्यातच होत्या, उतरल्या नसत्या तर गाडीबरोबरच मागे गेल्या असत्या. त्यांनी कशीबशी खाली उडी टाकली, घोटा मुरगळला, तशाच लंगडत ओळीकडे निघाल्या. काका पार पलीकडच्या टोकाला. ओळीच्या मागे काट्यांची झुडपं, जायला वाट नाही. काकू ओळीच्या पुढून चालायला लागल्या.

"काकू! काकू, बाजूला!"

"अहो, कुणाच्या आहेत या? सरका मागे!"

"अहो ऐका ना," काकूंनी लांबूनच हाक दिली, "त्याची आज..."

"फ्रेम!" काका गरजले. "अगं, फ्रेम सोड! आयुष्य गेलं तरी कळेना का तुला?"

"एक मिनिट, सोन्याची..."

"नंतर! नंतर सांग!"

मंडळी हसली. लांब शिट्टी वाजली. काकूंनी अजून दहा-बारा पावलं टाकली असती तर त्या पोचल्या असत्या. पण आयुष्यभराची सवय अशी, की तो आवाज ऐकला की पाय आपोआप मागे. त्या दोन तिपायांच्या मधून मागे सरकल्या आणि झुडपाला टेकून उभ्या राहिल्या. पदराला काटे लागले ते त्यांनी सोडवलेही नाहीत.

वळणावर आधी धूर दिसला, मग इंजिन. काळाकुट्ट, गुबगुबीत, पांढऱ्या आभाळात शाई ओतल्यासारखा. ओळीतून कॅमेऱ्यांची खटखट सुरू झाली. "व्वा! याला म्हणतात धूर!" केबिनच्या खिडकीत कुणी नव्हतं. मुलगा वाकून कोळसा टाकत होता, ढिगानं टाकत होता.

पुढे व्हायचं तेच झालं. भट्टी कच्च्या कोळशानं दडपली, वाफ उतरली, आणि घाटाच्या मध्यावर गाडी धापा टाकत उभी राहिली. डब्यात गारठा शिरला. ज्यांनी धूर मागितला होता तीच मंडळी आता घड्याळं बघत होती.

"फायरमन कोण आहे आज? पोरखेळ लावलाय."

"फ्रेमकाका, तुमच्या ओळखीचा आहे का?"

काका कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "नवा असेल कुणीतरी."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. मग थर्मासचं झाकण घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं.

संध्याकाळी शेवटच्या स्टेशनावर मुलगा खाली उतरला तेव्हा परीक्षक निघून गेला होता. काकू लंगडत त्याच्यापाशी गेल्या. त्यानं नुसती मान हलवली. जागा आता दुसऱ्या कुणाला तरी जाणार. पुन्हा कधी निघेल, नाही निघेल.

"तू 'नाही' का म्हटलं नाहीस रे त्यांना? नुसतं नाही म्हणायचं होतं."

"आई, त्यांनी मला सोन्या म्हटलं," तो म्हणाला. तोंडावरची काजळी बाहीनं पुसली तर ती आणखी पसरली. "आता सांगू नको त्यांना. काय उपयोग? फोटो तरी आला ना चांगला?"

महिन्याभरात तो शेड सोडून दुसऱ्या शहरात एका गोदामात लागला. खोकी चढवायची, खोकी उतरवायची. फोन काकूंच्या जेवणाच्या सुट्टीत यायचा, घरच्या फोनवर कधीच नाही. बोलायला त्याच्याकडे काही नसायचं. "जेवलास का" आणि "हो" एवढ्यात सुट्टी संपायची.

इकडे तो फोटो मंडळाच्या कॅलेंडरवर पहिल्या पानावर छापला गेला. काकांनी तो मोठा करून सोफ्याच्या वर लावला. येईल त्याला त्याच्यासमोर उभं करायचं. "हा धूर दिसतोय? माझ्या मुलानं केलाय. खास माझ्यासाठी. एका शब्दावर!" घाटात गाडी बंद पडली तेव्हा जो कुणीतरी नवा होता, तो आता माझा मुलगा झाला होता. कोळसा उगाळावा तितका काळाच, असं काकूंच्या मनात आलं, पण नेमकं कुणाबद्दल ते त्यांना ठरवता येईना. मुलाला विचारावं असं काकांच्या मनात नव्हतं, तो गोदामात का गेला याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, "त्याचं लक्ष कुठं टिकलंय कधी?"

एका संध्याकाळी शेजारी आले आणि काकांनी परत तेच सुरू केलं. खास माझ्यासाठी. एका शब्दावर. शेजारी गेल्यावर काकू कपबश्या न उचलता तिथंच बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. परीक्षा, कायम जागा, काळं निघता कामा नये, परीक्षक मागे उभा होता, सगळं. आवाज चढवला नाही. इस्पितळात वाईट निदान असलं की डॉक्टर बोलतात तशा बोलल्या.

काका उठून फोटोसमोर जाऊन उभे राहिले. काकूंना वाटलं, आता हा माणूस मोडेल. मोडू दे. फोन उचलून पोराला हाक मारू दे, एवढंच त्या मनात म्हणत होत्या.

"म्हणजे," काका म्हणाले, "परीक्षा चालू होती, मास्तर मागे उभा होता, आणि तरी त्यानं माझं ऐकलं?"

त्यांचे डोळे भरून आले होते. काकूंनी ते डोळे नीट बघितले. त्यांत पश्चात्ताप शोधला, पण तिथं नुसता अभिमान होता, काठोकाठ.

त्यांनी फोन केला नाही. पुढच्या सहलीला, चहाच्या रांगेत, मंडळींना त्यांनी हेही सांगितलं. "नोकरी घालवली पोरानं, पण बापाचा शब्द मोडला नाही!" मंडळी हळहळली, कुणी पाठीवर थाप मारली. काकू शेजारीच उभ्या राहून सगळ्यांना चहा ओतत होत्या.