आरन बेटावरची वसुबारस

स्कॉटलंडमधल्या आरन बेटावर वाहतुकीचा खोळंबा होत नाही. एकदा झाला होता, तो माझ्यामुळे.

हे मी अभिमानाने सांगत नाहीये. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत मी आजवर याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. कोणी विचारलंच, की स्कॉटलंड कसं होतं हो, तर मी "हिरवंगार" एवढंच म्हणते आणि त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करते.

त्या वर्षांत सोसायटीतलं प्रत्येक मूल एकतर हिंजवडीला जात होतं, नाहीतर हिंजवडीहून परदेशी जात होतं. आमची ऋचाही तिथली चांगली नोकरी सोडून ग्लासगोला शिकायला गेली. ह्यांनी कारखान्यातून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि दिवसभर घरात बसून माझ्या फोडण्यांवर देखरेख करत होते. तेव्हा यंदाची दिवाळी लेकीकडे करायची असं मीच ठरवलं.

नेमकी त्याच आठवड्यात ऋचाच्या हॉस्टेलची सहल आरन बेटावर निघाली होती आणि सहलप्रमुख होती आमची ऋचा. हे पद तिला सहज मिळालेलं नव्हतं. आधीच्या एका सहलीत मुलं नको तितकी उशिरा परतली म्हणून वॉर्डनबाईंनी सहलीच बंद केल्या होत्या. ऋचा त्यांच्या इतकी मागे लागली, की शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण अट घालून. संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने सगळ्यांनी परत यायचं. बोट चुकली तर ऋचाचं पद गेलं. बसमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या, त्या तिने आमच्यासाठी मागून घेतल्या. (इतकी हुशार मुलगी, पण कधीतरी गणित चुकतंच!)

आणि त्या दिवशी होती वसुबारस.

वसुबारस मुलाबाळांसाठी. गाय-वासराची पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग आपण तोंडात घास घालायचा. आता पुण्यात वासरासकट गाय कुठून आणणार? पण आमच्याकडे त्याची उत्तम सोय आहे. देवळाच्या कोपऱ्यावर एक बाई गाय-वासरू घेऊन येतात. आपण रांगेत उभं राहायचं, कुंकू लावायचं, नैवेद्य भरवायचा, पाया पडायचं आणि घरी जायचं. (ते वासरू त्याच गाईचं आहे का, याबद्दल ह्यांना दरवर्षी शंका येते आणि ती ते रांगेत उभे राहून मोठ्याने बोलून दाखवतात.) सांगायचा मुद्दा असा, की गाईचं पुढे काय करायचं हा विचार मी जन्मात कधी केलेला नाही. ते त्या बाई बघतात.

बाजरीचं पीठ मी पुण्याहूनच नेलं होतं. गवार ग्लासगोच्या देशी दुकानात मिळाली, दगडासारखी गोठलेली. पहाटे उठून भाकऱ्या आणि भाजी केली, गुळाचा खडा घेतला आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत कुंकू भरून घेतलं. ऋचाला वाटलं, आईने डबा केलाय. मीही तिचा गैरसमज दूर केला नाही. पूजा तसबिरीची करायची की कशाची, ते माझंही ठरलेलं नव्हतं.

बेट मात्र सुंदर होतं, ते कबूल करायला हवं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे ढगात डोकं घातलेले डोंगर, मधून एकच अरुंद रस्ता. मुलं खिडक्यांना नाकं लावून बसली होती. ह्यांनी बराच वेळ बाहेर पाहिलं आणि मत दिलं, "ताम्हिणी घाट आहे. फक्त कणीसवाले नाहीत."

दुपारनंतर एका किनाऱ्याजवळ बस थांबली. काही मुलं खडकांवरचे सील बघायला खाली गेली आणि त्यांना वेळेवर परत आणायला ऋचाही गेली. मी रस्त्याच्या कडेला पाय मोकळे करत होते. समोर एक कुरण होतं आणि त्यात गाई उभ्या होत्या. तांबूस, केसाळ, आणि केस असे की कपाळावरून थेट नाकापर्यंत! त्यातल्या एकीच्या पोटाशी वासरू उभं होतं. खरंखुरं, तिचं स्वतःचं!

मी ह्यांचा दंड धरला. "अहो, वासरासकट आहे."

"मग?"

"आज वसुबारस."

ह्यांनी गाईकडे नीट पाहिलं. "हिला डोळे आहेत का, ते आधी बघ."

पण मला धीर निघेना. मुलीच्या गावात, मुलीसाठीच्या व्रताच्या दिवशी, न बोलावता गाय समोर येते म्हणजे काय! मी फाटकाची साखळी काढली आणि आत शिरले. ऋचाच्या मैत्रिणींपैकी स्पेनची लूसिया आणि तिच्याबरोबर चिनेडू नावाचा नायजेरियाचा उंच मुलगा, दोघंही कॅमेरे घेऊन माझ्या मागे आले. चिनेडूने विचारलं, की ही गाय आमच्या ओळखीची आहे का. मी म्हटलं, सगळ्याच गाई आमच्या ओळखीच्या असतात.

कुंकू लावायला कपाळ सापडेना. दोन बोटांनी भागणार नाही हे लक्षात आल्यावर मी डबीच रिकामी केली आणि मूठभर कुंकू त्या झिपऱ्यांमध्ये चोळलं. वासराला लावलं. लूसियाला हवं म्हणून तिला लावलं, मग चिनेडूला. चिनेडूने तर गाईला वाकून नमस्कार केला. आपली संस्कृती सातासमुद्रापार पोचवण्याचं काम बिबवेवाडीच्या एका बाईच्या हातून होतंय, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

गाईने भाकरी-गूळ खाल्ला. दुसरी भाकरी खाल्ली. गवारही खाल्ली (जी ह्यांनी अख्ख्या संसारात कधी आनंदाने खाल्लेली नाही). मी तृप्त मनाने पाया पडले आणि नेहमीप्रमाणे निघाले.

फाटक उघडंच राहिलं.

मी बसजवळ पोचले तेव्हा लूसिया हसत होती. म्हणून मागे पाहिलं, तर गाय माझ्या पिशवीला नाक लावून उभी. तिच्यामागे वासरू. वासरामागे सगळं कुरण! रस्ता ओलांडायचं सोडून त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि रवंथ करू लागल्या. बस पुढे जाईना, मागेही येईना. एक गाडी थांबली, तिच्यामागे दुसरी, मग प्रवाशांची एक मोठी बस, मग समोरूनही रांग लागली. आणि कोणीही हॉर्न वाजवत नव्हतं. आपल्याकडे असतं तर निदान चार लोक अंगावर येऊन बोलले असते, मी चार शब्द परत बोलले असते आणि मन मोकळं झालं असतं. इथे सगळे काचेआडून शांतपणे माझ्याकडे बघत होते. इतकी लाज मला लग्नात उखाणा विसरले तेव्हाही वाटली नव्हती.

हे पुढे होऊन "हॅक, हॅक" करू लागले. गाय हलली नाही.

"तिला मराठी कळत नाही," मी म्हटलं.

"भाकरी कळली की," हे म्हणाले.

त्यातच पाऊस भुरभुरायला लागला. कुंकू ओलं झालं आणि गाईच्या तोंडावरून ओघळायला लागलं. वासराच्या, लूसियाच्या, चिनेडूच्या, सगळ्यांच्याच. आणि अशा वेळी गाईंचा मालक आपल्या कुत्र्यासह तिथे येऊन ठेपला. चांगला धिप्पाड माणूस, पण ते दृश्य पाहून तो पांढराफटक पडला. रक्तबंबाळ गाय, रक्तबंबाळ वासरू आणि कपाळं फुटलेली दोन मुलं! इथे कसली तरी मारामारी झाली अशीच त्याची समजूत झाली असणार. त्याने खिशातून फोन काढला आणि गुरांच्या डॉक्टरला बोलावणं धाडलं.

ऋचा तेवढ्यात किनाऱ्यावरून धावत वर आली. तिने गाय पाहिली, गाड्यांची रांग पाहिली, शेवटी माझ्या हातातली रिकामी डबी पाहिली. तिला कोणी काही सांगायची गरजच पडली नाही.

"आई, तू बसमध्ये बस," ती हळू आवाजात म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बसमध्ये जाऊन बसले आणि खिडकीतून सगळं ऐकत राहिले. ऋचा त्या माणसाला समजावत होती, की हे रक्त नाही, रंग आहे, आम्ही पूजेला वापरतो. त्याने बोट ओलं करून रंग चोळून पाहिला, वास घेतला, डॉक्टरला येऊ नको म्हणून कळवलं. मग सांगितलं, की वासरू झाल्यापासून या गाईच्या जवळ तो स्वतःही जात नाही.

"पण तुझ्या आईने हे केलं कशासाठी?" त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच कळेना म्हणून.

ऋचाने एकदा आजूबाजूला पाहिलं. भोवती तिचं सगळं हॉस्टेल उभं होतं.

"माझं भलं व्हावं म्हणून," ती म्हणाली.

कुत्र्याने गाई आत घेतल्या, रस्ता मोकळा झाला आणि ड्रायव्हरने बस जमेल तितकी हाकली. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट समुद्रात शिरलेली होती. बसमधली मुलं खरं तर मजेत होती, मुक्काम घडणार म्हणून गाणी म्हणत होती. एकटी ऋचा उतरून धक्क्याच्या टोकाला उभी राहिली आणि लांब जाणाऱ्या बोटीकडे बघत राहिली. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तोंडातून निघालं, "भूक लागली असेल ना गं?" आणि मग आठवलं, की डबा गाईने खाल्लाय.

ऋचाचं सहलप्रमुखपद गेलं. वॉर्डनबाई शब्दाच्या पक्क्या निघाल्या. मी माफी मागितली तेव्हा "असू दे गं आई," असं ती म्हणाली, आणि आमच्या परतीच्या दिवसापर्यंत माझ्याशी अतिशय प्रेमाने वागली. त्या प्रेमाने मला जेवण गोड लागेना.

आता ती तिकडेच स्थायिक झाली आहे, सुखात आहे. वसुबारसेला सकाळी न चुकता तिचा फोन येतो. दिवाळीच्या शुभेच्छा देते, तब्येतीचं विचारते आणि फोन ठेवता ठेवता अगदी गोड आवाजात सांगते, "आई, यंदा माझ्यासाठी काही करू नकोस हं."

मुलीचं मन मोडवत नाही, म्हणून मी हल्ली ते व्रत ह्यांच्यासाठी करते. पहिल्या वर्षी तसं सांगितलं तेव्हा ह्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "माझं काय चुकलं?"