पेडलवरचे लाकडी ठोकळे

मंडळी, आज सकाळी बाबांची बावन्न सालची गाडी रिस्टोरेशनसाठी खोलायला घेतली. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवर लाकडी ठोकळे बसवलेले दिसले. "हा कुणाचा अडाणीपणा?" असं लिहून मी इथे ग्रुपवर फोटो टाकला. आपण सगळे हसलो.

दुपारी तो फोटो नव्वदीतल्या आईला दाखवला. ती बघतच राहिली.

"माझे पाय पोचत नव्हते रे, म्हणून बसवून घेतले. बागबाजारच्या घरून एस्प्लनेडच्या ऑफिसात तुझ्या बाबांना रोज मीच सोडायचे. पुढे तू झालास आणि चालवणं सुटलं."

जन्मभर मी 'बाबांची गाडी' म्हणत आलो.

मग तिने विचारलं, "जपून ठेवलेस ना ते?"

मी हो म्हणालो. ठोकळे सकाळीच भंगारात गेलेत.

फोटो काढून टाकलाय. पण उद्या तिला गाडी बघायला यायचंय. कुठल्या तोंडाने नेऊ?